फुटबॉलचा प्रेक्षक आणि पोलिसांची झडती

‘ज्याच्या खिशांत कांहीं वावगें नाहीं, त्यानें झडतीला कां भ्यावें?’ हा प्रश्न हल्लीं सभ्य घरांतून वारंवार कानीं येतो. विचारणारे बहुधा वयानें वडील, पेन्शनर, आणि स्वतः रस्त्यांत कधींहि अडविले न गेलेले असे असतात. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु या एका प्रश्नानें सरकार आणि नागरिक यांच्यामधील नातेंच उलटें होतें, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. झडती घेणारानें कारण सांगावयाचें असतें. झडती देणारानें आपलें निरपराधित्व सिद्ध करावयाचें नसतें.

हा प्रश्न आमच्या कुंभिवलीपासून दूर आहे असें कोणी समजूं नये. खालापूर तालुक्यांतील मुलें आतां केवळ क्रिकेटवर जगत नाहींत. 2014 सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, 2016 पासून मुंबई सिटी संघ अंधेरीच्या मैदानावर खेळूं लागला, आणि खोपोलीहून लोकलनें दादर, तेथून गाडी बदलून अंधेरी, असा प्रवास करून सामना पाहणारा एक तरुण वर्ग या बाजूसहि तयार झाला. अंगांत संघाचा आकाशी सदरा, खांद्यावर गुंडाळलेला झेंडा, आणि परततांना मध्यरात्र. अशा मुलास जेव्हां शिपाई थांबवितो, तेव्हां तो त्याच्या कृत्यामुळें थांबवितो कीं त्याच्या सदऱ्यामुळें? आमचा सारा वाद या एका ठिकाणीं आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत, रस्त्यानें जाणाऱ्या वाटेल त्या माणसास थांबवून त्याचे खिसे उलटे करण्याची सर्वसाधारण सत्ता पोलिसांस दिलेली नाहीं. तपासासाठीं एखाद्या जागेची वॉरंटाशिवाय झडती घ्यावयाची असेल तर अधिकाऱ्यानें आधीं कारणें लिहून ठेवावीं, असें जुनें 165 वें कलम सांगत असे व आजचें 185 वें सांगतें. अटक झालेल्या माणसाची अंगझडती घेतां येते. पण त्याच्या अंगावरील वस्तु घेतल्यास त्याला पावती द्यावी लागते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेंच मर्यादा राखून घ्यावी लागते. शस्त्रें, दारू, अमली पदार्थ यांसाठीं खास कायदे आहेत खरे. पण त्यांतला 1985 चा अमली पदार्थांचा कायदा पाहा! ज्याच्या अंगावर चरस असल्याचा संशय आहे, त्याला ‘तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा तुला हक्क आहे’ हें सांगितलेंच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें 1999 सालीं बलदेवसिंग खटल्यांत दिला. म्हणजे चरस बाळगणाराला जो मान आहे, तो ढोल बाळगणाराला नाहीं. अटक झालेल्या चोराला पावती मिळते. अटक न झालेल्या प्रेक्षकाचा झेंडा काढून घेतला तर त्याच्या हातीं कागदाचा कपटाहि येत नाहीं.

मग पोलीस कशाच्या बळावर वागतात? बहुतेक ठिकाणीं 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याच्या, आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, 37 व्या कलमाच्या बळावर. हें कलम मोठें मनोरंजक आहे. शस्त्रें, लाठ्या, दगड यांच्या बरोबरीनें सार्वजनिक ठिकाणीं आरोळ्या देणें, गाणीं म्हणणें व वाद्यें वाजविणें यांसहि मनाई करण्याचा अधिकार तें देतें. फुटबॉलचा प्रेक्षक मैदानावर दुसरें काय करतो? जमावबंदीच्या हुकुमाची मुदत या कलमांत सरकारच्या मंजुरीवांचून पंधरा दिवसांपलीकडे जात नाहीं. पण एक हुकूम संपतो न संपतो तोंच दुसरा निघतो, आणि अपवाद म्हणून दिलेलें औषध रोजचा आहार होऊन बसतो. जुन्या 144 कलमाखालील हुकूम असे पुनःपुन्हां काढणें हा अधिकाराचा दुरुपयोग होय, असें 2020 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें अनुराधा भसीन खटल्यांत स्पष्ट सांगितलें आहे.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. मैदानाच्या दारांत तिकीट दाखवितांना पिशवी तपासली जाते, तिला आमचा विरोध नाहीं. ती अट मान्य करूनच आपण तिकीट घेतों. नको असेल तर घरीं परततां येतें. स्टेशनावर, नाक्यावर किंवा चहाच्या दुकानापुढें जी झडती होते तिला अशी संमति कोठें आहे? तेथून परतण्याची मुभाच नसते. हे दोन प्रकार एक मानण्यांत पोलिसांची सोय असेल, न्याय नाहीं.

आतां प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें घेऊं. तो म्हणेल, कोल्हापूर पाहा. कोल्हापुरचा फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा फुटबॉल आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हीं नुसतीं संघांचीं नांवें नव्हेत, तीं घराण्यांच्या अभिमानाचीं नांवें आहेत. आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यानंतर हा अभिमान कधीं कधीं दगडांच्या रूपानें प्रकट झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. दगड मारणाराला पकडा, त्याच्यावर खटला भरा, आमची हरकत नाहीं. पण एका दगडासाठीं सबंध पेठेला संशयित ठरविणें हा न्याय गुन्हेगार जमातींच्या जुन्या कायद्यास शोभणारा आहे. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला. शिवाय तालमींतील वडीलधाऱ्यांस आपला कोणता पोरगा आततायी आहे हें चांगलें ठाऊक असतें. त्यांच्याशीं बोलण्याऐवजीं हजार जणांचे खिसे चाचपणें हें कष्टाळू आळशीपणाचें लक्षण होय.

प्रेक्षक म्हणजे गुंड, असें एकदां मनानें घेतलें म्हणजे काय होतें, तें इंग्लंडनें भोगलें आहे. 15 एप्रिल 1989 रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक लोखंडी कुंपणांच्या आंत चेंगरले. मृतांची संख्या पुढें 97 झाली. दार पोलिसांनींच उघडविलें होतें. पण प्रेक्षकांनीं तें फोडलें, असें पोलीस अधिकाऱ्यानें सांगितलें. मृतांच्या रक्तांतील मद्य मोजलें गेलें, आणि त्या मृतांत मुलेंहि होतीं! हे मृत्यु बेकायदा मनुष्यवध होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, हें ज्यूरीनें म्हणावयास 2016 साल उजाडलें. मधलीं सत्तावीस वर्षें घरांतल्या माणसांनीं कशीं काढलीं असतील, याची कल्पना झडतीचे कैवारी करीत नाहींत. त्याच इंग्लंडांत 2008 च्या नोव्हेंबरांत मँचेस्टरजवळच्या एका गुत्त्यांत शांतपणें बसलेल्या स्टोकच्या सुमारें ऐंशी प्रेक्षकांस पोलिसांनीं सामना न पाहूं देतां बसगाड्यांत घालून परत धाडलें; मागाहून त्यांस नुकसानभरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे भरपाईची गोष्टच नको. 18 ऑगस्ट 2024 रोजीं कलकत्त्यास मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा ड्युरंड चषकाचा सामना बंदोबस्ताच्या कारणानें रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयांतील तरुण डॉक्टरच्या खुनाचा निषेध करण्यासाठीं परस्परांचे हाडवैरी असे दोन्ही संघांचे प्रेक्षक त्या दिवशीं मैदानाबाहेर एकत्र आले, आणि त्यांवर लाठी चालली. सामन्यास पुरेसे नसलेले पोलीस निदर्शकांस मात्र पुरेसे झाले! मैदान हें पुष्कळदां लोकांस मोकळेपणानें ओरडतां येणारें एकच ठिकाण उरतें, म्हणूनहि सत्तेची नजर त्याकडे लागते.

आमची मागणी फार मोठी नाहीं. इंग्लंडांत, जेथें हा दुरुपयोग पुष्कळ झाला आणि काळ्या लोकांच्या वांट्यास अधिक आला, तेथेंहि 1984 च्या कायद्यानें झडती घेणारास आपलें नांव, ठाणें, कारण व शोधावयाची वस्तु सांगावी लागते आणि नोंद ठेवावी लागते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें आपल्या नऊ न्यायमूर्तींनीं 2017 सालीं एकमतानें म्हटल्यावर आपल्या विधिमंडळानें एवढें तरी करावें. खालापुरच्या नाक्यावर असो वा कोल्हापुरच्या वेशीवर, ज्या मुलास थांबविलें त्याला कारण मराठींत सांगावें. त्याचा ढोल किंवा झेंडा घेतला तर शिपायाच्या बिल्ल्याचा क्रमांक घातलेली पावती द्यावी. आणि सामना संपल्यावर ती वस्तु कोणत्या चौकींत परत मिळेल, तें त्या पावतीवरच लिहावें.