देव नक्की कुणावर रागावतो?

गेल्या श्रावणात आमच्या एका मित्राच्या बेसमेंटमध्ये सत्यनारायण होता. चौथा अध्याय चालू होता. नवऱ्याची नाव आली हे ऐकून कलावती प्रसाद न घेताच धावत सुटली, म्हणून देव रागावला आणि नाव नवऱ्यासकट गडप झाली. मागे बसलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलानं मोठ्यांदा विचारलं, "शिरा खाल्ला नाही म्हणून माणूस बुडवला?" सगळे हसले. गुरुजीही हसले. मग आरती झाली, शिरा वाटला गेला, आणि प्रश्न तिथेच राहिला.

मी तो विसरलोही असतो. पण काही महिन्यांनी ओळखीतल्या एका तरुण जोडप्याच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर असल्याचं निघालं. डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो, तेव्हा तिची आई कॉरिडॉरमध्ये उभी होती. म्हणाली, "दादा, घरून फोन येतात. कुळाचार सोडलात, लग्नानंतर तुळजापूरला गेला नाहीत, देवीचं काहीतरी राहिलंय, असं म्हणतात. खरंच तसं असेल का हो?" ती शिकून-सवरून फार्मासिस्ट झालेली बाई. रक्तातल्या पेशी म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पोरीच्या उशाशी रात्र रात्र बसल्यावर कुणीही हेच विचारेल.

मी "नाही" एवढंच म्हणालो. तिच्या परवानगीनं लिहितो आहे. हा लेख म्हणजे त्या "नाही"चा उरलेला भाग.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून गावं झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे १०,००० माणसं गेली. मी तेव्हा सोलापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. ढिगारे उपसायला गेलेल्या पोरांत मीही होतो. तिथेही तेच ऐकलं : "पाप फार वाढलं होतं." कुणाचं पाप? आदल्याच दिवशी या लोकांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून बाप्पाला निरोप दिला होता.

ढिगारा मात्र वेगळंच सांगत होता. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, त्यातले दगड नुसत्या मातीत बसवलेले, आणि वर माळवदाचा जाड मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं त्या पहाटे माणसांवर कोसळली. शेजारीच गवताच्या झोपडीत झोपलेलं कुटुंब जिवंत बाहेर आलेलं असे. देवाचा कोप असता तर त्यानं छपराचं वजन बघून माणसं निवडली असती का?

हा वाद आपल्याकडे फार मोठ्या माणसांत झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानं केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधातच होते, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाची कारणं जमिनीत शोधावीत, नीतीत नव्हे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय असा युक्तिवाद तर सनातन्यांनाही तितकाच उपयोगी, तेही म्हणतील की देव गांधींवर रागावला! गांधीजींचा मोठेपणा असा, की टागोरांची हरकत त्यांनी आपल्याच 'हरिजन'मध्ये छापली. मत मात्र बदललं नाही. अस्पृश्यता हे घोर पाप होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही या वादात मी टागोरांच्या बाजूनं आहे. कारण भिंतीखाली मेलेल्या पोरानं कुणाला शिवू नको म्हटलं होतं?

पण मग वाईट म्हणून काहीच नाही का? आहे. किल्लारीच्या त्याच दिवसांत मदतीच्या नावाखाली येऊन मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने काढल्याच्या गोष्टी कानावर येत होत्या. भूकंपाला मन नसतं. त्या हातांना होतं. भूकंपाचा राग येऊन उपयोग नाही, त्या हातांचा मात्र आलाच पाहिजे. आमची गफलत इथे होते. जिथे दोषी कुणीच नाही, तिथे आम्ही पाप शोधतो. आणि जिथे दोषी समोर उभा असतो, तिथे "जाऊ दे, देव बघून घेईल" म्हणतो.

आपली दिवाळी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो (इथे कारीट मिळत नाही, आमच्याकडे छोट्या काकडीवर भागतं), पण मुलांना गोष्ट अर्धीच सांगतो : नरकासुर वाईट, कृष्णानं मारला, फटाके. पुढची गोष्ट भागवतात आहे. नरकासुर हा पृथ्वीचा मुलगा. तो मेल्यावर पृथ्वी आपल्या नातवाला, भगदत्ताला, घेऊन येते. तो भेदरलेला असतो. कृष्ण त्याला अभय देतो. मग कोंडलेल्या सोळा हजार स्त्रियांना सोडवून त्यांचा सन्मानानं स्वीकार करतो. म्हणजे राग ज्यानं छळलं त्याच्यापाशी थांबला, पोरापर्यंत गेला नाही. आणि वधानंतर काम संपलं नाही. ज्यांना छळलं, त्यांना घर देणं उरलं होतं. ज्या देवानं नरकासुराच्या मुलाला अभय दिलं, तो तुळजापूरची फेरी चुकली म्हणून सहा वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिरेल? हे माझ्या बुद्धीला पटत नाही आणि श्रद्धेलाही पटत नाही.

फोन करणाऱ्या मावशी-आत्यांना मी दुष्ट म्हणत नाही. इतक्या लांबून त्या दुसरं करणार तरी काय? काही चुकलं असेल तर ते भरूनही काढता येतं, ओटी भरली की पोर बरी होईल, हा त्यातला दिलासा. पण त्या दिलाशाची किंमत आईला मोजावी लागते. आजाराच्या ओझ्यावर अपराधाचं ओझं. तुळजापूरला जरूर जा. आईला भेटायला जावं तसं जा, दंड भरायला नको.

चांगला देव असताना मुलांना असे आजार का होतात, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी अजून पूजा करतो आणि तो प्रश्नही पडतो. दोन्ही एकाच देवघरात असतात. शिऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मात्र एवढं सांगायचं आहे, की बाळा, तुझी शंका रास्त होती. आम्ही हसायला नको होतं. कथेतला तो राग मलाही खटकतो.

त्या मुलीचे उपचार चालू आहेत, गुण येतो आहे. मंडळातल्या बावीस घरांनी डब्यांचे वार वाटून घेतले आहेत. त्यात नियमानं पूजा करणारे आहेत आणि देव न मानणारेही आहेत. डाळ दोघांचीही चांगली असते.

तेव्हा कुणाच्या घरी असं काही घडलं आणि फोनवर "काही राहिलंय का?" असं विचारायचंच असेल, तर जरूर विचारा. दूध आणायचं राहिलंय का, धाकट्याला शाळेतून आणायचं राहिलंय का, चार तास झोप घ्यायची राहिली आहे का. त्यातलं जे राहिलं असेल, ते आपण करू शकतो.