इंजिन बांधण्याचा धंदा करायचाय? आधी तेलाची वाट मोकळी करायला शिका



वांगणीत राहून वंगणावर लिहायचं म्हणजे मित्र चेष्टा करणारच. करू देत. जुनी डिझेल इंजिनं बांधून द्यायचा धंदा सुरू करायचाय म्हणून जी मुलं माझ्याकडे शिकायला येतात, त्यातली बहुतेक पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, एका इंजिनात सुटतात किती?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. इंजिन परत आलं नाही तर बरे सुटतात. परत आलं तर मागच्या तीन इंजिनांत कमावलेले जातात. आणि माझ्याकडे जी परत आली, त्यातल्या बहुतेकांत पिस्टन-रिंगची चूक नव्हती. तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचलं नव्हतं.

माझीच गोष्ट सांगतो. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. जवळच्याच एका नर्सरीवाल्या काकांची जुनी महिंद्रा जीप आली. आत प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसीचं. महिना मे. पावसाच्या तोंडावर रोपांचा सीझन, त्यामुळे काकांना घाई आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त घाई. इंजिन खोललं, क्रँक दहा साईजला ग्राइंड करून आणला, नवीन बेअरिंग टाकली, डिझेलने वरवर धुतलं, हवा मारली, बांधलं. स्टार्ट केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा असा काही उभा राहिला की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

अकराव्या दिवशी एका बिगएंडने आवाज दिला. काका बिचारे नेरळपर्यंत तसेच गेले, आणि बेअरिंग क्रँकला चिकटलं. खोलून बघितलं तर क्रँकमधलं तिरपं भोक जुन्या काळ्या गाळाने आणि ग्राइंडिंगच्या भुकटीने ठासून भरलेलं. तार घातली तर अर्ध्यात अडकली.

मग काटा एवढा चांगला कसा दाखवत होता? इथेच नवीन माणूस फसतो. तेल सम्पच्या जाळीतून पंपात जातं, पंपातून फिल्टरला, फिल्टरमधून ब्लॉकच्या मेन गॅलरीत. तिथून मेन बेअरिंगला, आणि मेनवरून क्रँकच्या आतल्या भोकातून बिगएंडला. एक फाटा कॅम बुशकडे, एक वर हेडमध्ये रॉकरला. प्रेशरचं कनेक्शन साधारण गॅलरीवर असतं. म्हणजे गॅलरीच्या पुढची एखादी वाट बंद असेल तर काट्याला ते कळतच नाही. उलट तेलाला बाहेर पडायला जागा कमी, म्हणून प्रेशर थोडं जास्तच दिसेल. नळाचं तोंड अर्धं दाबलं की पाइप फुगतो, पण बादली भरत नाही. तसंच.

मशीन शॉपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "धुणं तुमचं काम. आम्ही साईज करून देतो." मी तोपर्यंत समजत होतो की धुऊनच येतो. भांडण करून उपयोग नव्हता, कारण बिल माझ्या नावाचं होतं. दुसऱ्यांदा ग्राइंडिंग वीस साईजला, नवा बेअरिंग सेट, एक कनेक्टिंग रॉड, गॅसकेट, तेल, फिल्टर आणि चार दिवसांची मजुरी. चौदा हजाराच्या वर गेले. काकांनी आठवडाभर भाड्याचा टेम्पो लावला, ते पैसे त्यांनी माझ्याकडे मागितले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता आम्ही काय करतो ते ऐका. ब्लॉक खोलला की गॅलरीच्या टोकांचे प्लग काढतोच. ते न काढता नुसती हवा मारली तर गाळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. दाबून बसवलेला प्लग निघत नसेल तर ड्रिल करून काढायचा, आटे पाडायचे आणि अ‍ॅलनचा प्लग लावायचा. प्लग किती निघाले ते मोजून एका डब्यात ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. टायमिंग कव्हरमागचा एक प्लग लावायचा राहिला की प्रेशर येतच नाही, आणि पूर्ण पुढची बाजू पुन्हा खोलावी लागते. हे माझ्या एका विद्यार्थ्याने करून दाखवलंय.

मग लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, गरम पाणी आणि कपड्याची साबण पावडर. हो, साबण. होनिंगची आणि ग्राइंडिंगची भुकटी डिझेलने नीट निघत नाही, ती तेलकट होऊन भिंतीला चिकटते. साबणाच्या पाण्याने सुटते. धुतल्यावर लगेच हवा मारून सुकवायचं आणि तेल चोळायचं, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत तासाभरात गंज दिसतो. क्रँकच्या मेन जर्नलच्या भोकात पिचकारीने रॉकेल मारा. बिगएंडच्या भोकातून प्रत्येक ठिकाणी सारखीच धार आली पाहिजे. एकाही ठिकाणी धार बारीक असेल तर पुढे जाऊ नका.

बांधतानाच्या चुका वेगळ्या. कॅम बुश ठोकताना भोक जरा फिरलं की वाट बंद. बेअरिंगच्या वरच्या आणि खालच्या पाकळ्यांची अदलाबदल केली तर भोक नसलेली पाकळी तेलाच्या तोंडावर बसते. रॉकर शाफ्ट उलटा लावला, तरी तेच. आणि सिलिकॉन! पोरं गॅसकेटला पेस्ट्रीवर क्रीम लावावं तसं लावतात. जेवढं बाहेर निघालेलं दिसतं, तेवढंच आतही निघालेलं असतं, आणि ते सुटून जाळीत जाऊन बसतं.

पहिल्या स्टार्टआधी डिझेल बंद ठेवून, हीटर प्लग काढून, स्टार्टरवर थोडं थोडं फिरवायचं, मध्ये स्टार्टरला दम द्यायचा. रॉकरच्या शेवटच्या टोकाला तेल डोळ्यांनी दिसेपर्यंत मी इंजिन चालू करू देत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी.

उल्हासनगर-अंबरनाथकडचे जुने मिस्त्री मला हसतात. म्हणतात, आम्ही आयुष्यभर डिझेलने धुतलं, काही झालं नाही. त्यांचं खोटं नाही. पाण्याच्या पंपाचं लिस्टर छापाचं इंजिन साडेसहाशे आरपीएमला चालतं, आणि त्यात पळीने तेल उडवून वंगण होतं. त्यात बारीक वाटाच कमी. जीप-टेम्पोच्या इंजिनाला तो हिशोब लागू करणं मला पटत नाही.

पुराचं इंजिन तर आणखी वेगळं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, तो पूर आठवत असेल. असं बुडालेलं इंजिन बरेच जण तेल बदलून चालू करून बघतात. उल्हास नदीचा बारीक गाळ तेलात दुधासारखा मिसळतो आणि गॅलरीत सुकला की प्लास्टरसारखा धरतो. पूर्ण खोलायची तयारी नसेल तर असं काम मी घेतच नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे.

पैशाचं बोलू. तेलमार्ग सफाई मी बिलात वेगळी ओळ म्हणून लावतो. "धुण्याचे कसले पैसे?" असं रोज ऐकतो. तेव्हा तो खराब झालेला कनेक्टिंग रॉड काउंटरवर ठेवतो. त्यासाठीच तो भंगारात दिलेला नाही. तरीही नाही म्हणालं तर वॉरंटी नाही, हे कोटेशनवर मराठीत लिहिलेलं असतं. नवीन दुकान टाकणाऱ्यांनी स्कॅनर आणि एलईडी बोर्डाच्या आधी चांगला कॉम्प्रेसर, ब्रशचा सेट आणि हाताने लावायचा ऑइल प्रेशर गेज घ्यावा. बीबीएमध्ये मला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिथे आधी ब्रँडिंग होतं.

एक एक्सडीपीचा ब्लॉक परवाच दुकानात आलाय, प्लग अजून काढलेले नाहीत. रविवारी ते काढताना शूट करतो. आतून काय निघतं ते मलाही बघायचंय.