भट्टीत फुटलेल्या भांड्याचे पैसे कोण देतं?

आपल्या भाईंदरमध्ये एक पद्मश्री कुंभार आहेत, हे किती जणांना माहीत आहे? ब्रह्मदेव राम पंडित. मूळचे बिहारमधल्या नवाद्याचे, घराणं कुंभाराचंच. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचं काम स्टोनवेअरचं. साधं मडकं हजार अंशांच्या आतच भाजून निघतं. स्टोनवेअरला १२०० अंशांच्या वर जावं लागतं, आणि वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर. चाक तेच. माती, भट्टी आणि गिऱ्हाईक मात्र वेगळं.

"कलाकाराचं काय, वाट्टेल तो भाव लावतो!" असं लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. एवढ्या आचेत भांड्याला तडा जातो, वाकतं, ग्लेझ ओघळून खालच्या फरशीला चिकटतं. समजा, १० नगांना १,००० रुपये खर्च आला आणि ७ च धड निघाले. मग एक नग १०० ला नाही, जवळपास १४३ ला पडला. नफा त्याच्या पुढे.

आपल्या केक, मसाले, शिवणकाम करणाऱ्या ताया हे धरतच नाहीत. बिघडलेला केक "घरीच खाल्ला ना" म्हणून सोडून देतात. (आणि मग मला विचारतात, "सर, विक्री होते, पैसा जातो कुठे?") वर शेजारणीपेक्षा दहा रुपये कमी लावतात!

आज हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवा: 'वाया गेलं'. महिनाभर भरा. नवीन रेटकार्ड त्यानंतरच छापायला टाका.