दोन शेगड्यांच्या पोळी-भाजी केंद्राला पार्किंग कशाला?

येत्या मंगळवारी आपल्या नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे. कागदावर किरकोळ दिसतो. आमच्या गल्लीत सुरू होऊ घातलेल्या पोळी-भाजी केंद्राला परवाना देताना कोणत्या अटी घालायच्या, एवढंच. दोन शेगड्या, एक ओटा, पोळ्या लाटायला तिघीजणी, बसायला एकही खुर्ची नाही. डबा घ्या आणि चालू लागा. ताईंनी बचत गटाचं कर्ज काढलंय. गाळ्याचं भाडं दोन महिने चालू आहे आणि शटर बंद.

पोस्ट लांब आहे, पण वाचा. उद्या तुमच्या पोराला झेरॉक्सचं दुकान टाकायचं असेल तेव्हा हाच ठराव त्याच्यापुढे धरला जाईल.

आधीच सांगतो, ताई माझ्या कोणी लागत नाहीत. उलट माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या गाळ्याच्या मागेच उघडते. फोडणीचा ठसका सगळ्यात आधी मलाच लागणार आहे.

आता प्रस्तावित अटी बघा.

पहिली : चार दुचाकींचं स्वतःचं पार्किंग. जुन्या गावठाणातला दहा बाय बाराचा गाळा. पार्किंग कुठे करायचं, माळ्यावर? बसस्टँडसमोरच्या मोठ्या हॉटेलांच्या गाड्या वर्षानुवर्षं रस्त्यावरच उभ्या असतात, तेव्हा ही अट कुणाला आठवली नाही.

दुसरी : शंभर फुटांतल्या सगळ्या घरमालकांचं ना हरकत. सगळ्यांचं! म्हणजे ज्याचं ताईंच्या दिराशी बांधावरून वाकडं आहे, त्याच्याही हातात ह्या धंद्याची चावी. आणि सहीची किंमत कशी वसूल होते, हे आपल्याला काय नवीन सांगायचं?

तिसरी : रात्री नऊला बंद. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दुकानांच्या वेळा ठरवायचा अधिकार राज्य सरकारला आहे. आणि त्याच सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये शासन निर्णय काढून स्पष्ट केलं, की मद्यविक्री वगैरे सोडून बाकीची दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात. मग नऊ वाजता डबे बंद करायचा हा नियम आला कुठून? शेवटच्या एसटीने उतरणाऱ्या पोरांनी काय वडापाववरच झोपायचं?

चौथी : पन्नास हजार अनामत. कशापोटी? प्रस्तावात एक ओळ नाही. पन्नास हजार बाजूला टाकायची ऐपत असती तर त्या बाईने कर्ज कशाला काढलं असतं?

आता दुसरी बाजू. शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही, हे मी मान्य करतो. तेलकट पाणी गटारात गेलं की गटार तुंबतं, आणि पावसाळ्यात ते पाणी कुणाच्या उंबऱ्यात येतं हे आमची गल्ली जाणते. धूर आहे, खरकटं आहे, गॅसची भीती आहे. म्हणून अटी नकोतच असं मी म्हणत नाही. कामाच्या अटी घाला.

सांडपाण्याच्या तोंडाशी तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप बसवा आणि तो दर आठवड्याला साफ करा. धुराड्याचा पाइप गच्चीच्या वर न्या. घरगुती लाल सिलिंडर चालणार नाही, १९ किलोचा व्यावसायिकच हवा. ओला-सुका कचरा वेगळा द्या. अग्निशामक नळकांडं भिंतीवर दिसलं पाहिजे. अन्नसुरक्षेची नोंदणी दर्शनी भागात लावा. आणि सहा महिन्यांनी आरोग्य निरीक्षकाने येऊन तपासणी करावी. चूक दिसली तर नोटीस द्या, दंड करा, ऐकलं नाही तर परवाना रद्द करा. कुणाचीच हरकत नसेल.

फरक लक्षात घ्या. ह्या अटी धंद्याचा त्रास थांबवतात. त्या चार अटी धंदाच थांबवतात.

नगरसेवक मंडळींना एक विनंती. प्रशासक होते तेव्हा आपण सगळेच ओरडत होतो, की लोकांचं ऐकायला सभागृहात कोणी नाही. आता तुम्ही आहात. मग अधिकाऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर करू नका. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा : ही कोणत्या कायद्याच्या आधाराने? उत्तर नसेल तर अट खोडा. नाहीतर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ३०८ आहेच. त्याखाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्या दारात जायची वेळ आमच्यावर आणू नका. तोवर ताईंचं आणखी किती महिन्यांचं भाडं जाईल?

आणि शेजाऱ्यांनो, मंगळवारी सभेच्या गॅलरीत या. तक्रार असेल तर ती घेऊनही या. पण गटाराची तक्रार गटाराबद्दलच असू द्या, त्यात बांधाचं भांडण मिसळू नका.

मी येतोय. ठसका लागणाराच जर 'चालू द्या' म्हणत असेल, तर बाकीच्यांना अडचण कसली?