काळोख्या पत्त्यांची पारख

टॅरो म्हणजे ७८ पानांचा कॅट. त्यातली २२ पाने मोठ्या चित्रांची आणि उरलेली ५६ नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे चार रंगांची: पेले, तलवारी, दंड आणि नाणी. अलीकडे या कॅटांमध्ये काळोख्या कल्पनाचित्रांची मोठी लाट आली आहे. कवट्यांचे मुकुट, फाटक्या पंखांचे देवदूत, राखेतून उठणाऱ्या राण्या, काळ्या शाईत बुडालेली पाने आणि सोनेरी कडा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठेही ते घरपोच मागवता येतात. घेणारे दोन प्रकारचे असतात. काही जण संग्रहासाठी घेतात, काही जण वाचनासाठी, म्हणजे मनात प्रश्न धरून पाने मांडायची आणि समोरच्या चित्रांवरून विचार करायचा, यासाठी. या दोघांच्या कसोट्या वेगळ्या असतात असे सहसा मानले जाते: संग्राहकाने छपाई आणि दुर्मीळता पाहावी, वाचणाऱ्याने अर्थ पाहावा. मला हे मान्य नाही. कसोटी एकच आहे. जो कॅट हातात घेऊन वाचता येत नाही, तो कपाटात जपून ठेवण्याच्याही योग्यतेचा नाही. आणि काळोख्या कॅटांपैकी बरेचसे नेमके इथेच उणे पडतात.

चित्रांच्या संचात काळोखाला जागा कशी द्यावी, याचा उत्तम नमुना नगरच्याच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात आहे. आफताबी या कवीने निजामशाही दरबारात १५६५च्या सुमारास ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे. तालीकोटच्या लढाईनंतर झालेला विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद तिच्यात चितारला आहे. विषय इतका भीषण, पण पोथीत तो एकटा येत नाही. त्याच पोथीत दरबार आहे, हुसेन निजामशहाची बेगम खुंजा हुमायूँ आहे, आणि स्त्रीच्या स्पर्शाने बहरणाऱ्या झाडाचे, आपल्याकडे दोहद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कल्पनेचे चित्रही आहे. बहराचे पान पाहिलेला डोळा शिरच्छेदाच्या पानावर येतो, तेव्हा ते पान जड होते. पुढे हुसेनशहा गेला, मुलाच्या वतीने राज्य चालवणारी ही राणीही सत्तेवरून दूर झाली, आणि पोथीतल्या काही चित्रांमधल्या तिच्या आकृतीवर कोणी तरी रंग फासला. आज ती पाने पाहणाऱ्याची नजर आधी त्या फासलेल्या जागेवर जाते. एक आकृती नाहीशी झाली की उरलेल्या साऱ्या चित्रांचा अर्थ हलतो. संच हा असा एकत्र वाचला जातो. त्यातले प्रत्येक पान बाकीच्या पानांच्या आधारावर उभे असते.

पत्त्यांच्या बाबतीत आपल्याकडचा सगळ्यात बोलका पुरावा सावंतवाडीच्या गंजिफांचा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण १२० गोल पाने असतात. कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, रंगवून, वर लाखेचा लेप देऊन ती तयार होतात. तिघे जण खेळायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. तळहाताएवढ्या जागेत, दिव्याच्या उजेडात, चाळीस पानांमधून हवे ते पान क्षणात ओळखता आले पाहिजे, या गरजेने चित्रकाराचा हात घडवला आहे. म्हणून प्रत्येक रंगाची जमीन वेगळी आणि खूण ठसठशीत: मत्स्यासाठी मासा, परशुरामासाठी परशू. नरसिंहासारखा उग्र अवतारही मोजक्या रेषांत उभा राहतो. खेळाला रात्र आणि दिवस यांचेही भान आहे. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने सुरुवात होते, रात्री कृष्णाच्या. इतका नेमका विचार ज्या पत्त्यांमागे आहे, त्यांचे सौंदर्य वापरातूनच आले आहे. जवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंतही हेच सांगतात, फक्त त्यांची पाने मोठी. पोथीतले एकेक चित्र समोर धरून रात्रीच्या उजेडात कथा सांगायची, तर राक्षसाचा डोळा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसला पाहिजे. म्हणून ते डोळे मोठे आणि रेषा जाड.

आता हीच मोजपट्टी टॅरोला लावू. टॅरोही मुळात खेळायचे पत्ते होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते रंगवले गेले. भविष्य सांगण्यासाठी त्यांचा वापर रूढ झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. आज ज्या चित्रांची छाया बहुतेक कॅटांवर दिसते, ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ए. ई. वेट यांच्यासाठी काढलेली चित्रे १९०९मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यातले मृत्यूचे पान पाहण्यासारखे आहे. चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे, राजा खाली पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे. पण काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे आणि मागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. तलवारींच्या दश्शीत पाठीत दहा तलवारी रुतलेला माणूस पालथा पडला आहे, वर काळे आकाश आहे आणि क्षितिजावर पिवळा उजेड आहे. वाचणाऱ्याला विचार करायला जागा मिळते ती त्या पिवळ्या पट्ट्यामुळे. सगळेच काळे असते तर पान एका शब्दात संपले असते.

काळोख्या शैलीतही हे साधता येते. पॅट्रिक व्हॅलेन्झा यांचा २००८चा ‘डेव्हियंट मून’ घ्या. थडग्यांच्या दगडांची छायाचित्रे त्यांनी पात्रांच्या कपड्यांच्या पोतात वापरली. चंद्रकोरीसारखे विद्रूप चेहरे, तरी प्रत्येक पानावर कोणी तरी काही तरी करताना दिसते आणि पेल्यांचे जग तलवारींच्या जगापासून वेगळे राहते. भीती आणि अर्थ तिथे एकत्र नांदतात. याउलट अनेक कॅटांत मृत्यू, सैतान आणि कोसळता मनोरा ही तीन पाने जीव ओतून काढलेली असतात, आणि ‘सूर्य’ हे पानसुद्धा तितकेच काळे असते. सूर्य आणि मृत्यू यांत फरक उरला नाही, तर ७८ पाने छापायची कशाला? दुसरी तूट अंकांच्या पानांत दिसते. चित्रकाराच्या आधीच्या पुस्तक-मुखपृष्ठांना टॅरोची नावे चिकटवायची आणि छोटी पाने केवळ खुणा मोजून भरायची, हा संग्राहकाचाही तोटा आहे, कारण त्याच्या पैशांतले जवळजवळ तीन चतुर्थांश त्या ५६ पानांसाठी गेलेले असतात. काळ्या छपाईचा स्वतंत्र प्रश्न आहे. गडद निळ्यावर काळी आकृती पडद्यावर उठून दिसते, कागदावर बुडते. आणि काळ्या कडेच्या पत्त्यांवर पिसता पिसता पांढरे ओरखडे लवकर येतात.

यावर संग्राहक म्हणतील, आम्ही पत्ते पिसतच नाही. चित्र आवडले म्हणून घेतो, जपतो. आक्षेप वजनाचा आहे. गंजिफा आज शिल्लक आहेत त्या खेळणाऱ्यांमुळे कमी आणि जपणाऱ्यांमुळे जास्त. खेळ मागे पडला, जुन्या पिढीतले पुंडलिक चितारी यांच्यासारखे मोजके कारागीर उरले, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच हे काम पुन्हा उभे केले. संग्रहाचे हे ऋण नाकारता येणार नाही. पण राजवाड्याने तेव्हा वाचवले काय? खळ, लाख, खुणा, रंगांचा क्रम, म्हणजे तो कॅट ज्याने खेळता येतो तो सारा व्यवहार. त्यातली चार देखणी पाने चौकटीत घालून भिंतीवर लावली तर शोभा येईल, पण गंजिफा जपली गेली असे होत नाही. दुर्मीळतेचेही तसेच आहे. मोजक्या प्रती छापल्या, वर क्रमांक टाकला, एवढ्याने वस्तू दुर्मीळ होते, मोलाची होत नाही. संग्राहकाने खरे तर चित्रकाराचे नाव शोधावे. पामेला कोलमन स्मिथ यांचा कॅट दीर्घ काळ प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. त्या १९५१मध्ये विपन्नावस्थेत वारल्या. आज यंत्राकडून चित्रे काढून घेऊन, कोणाचेच नाव न देता कॅट विकले जात असताना ही चौकशी अधिकच गरजेची झाली आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यात भविष्याच्या पत्त्यांची पारख शिकवायची कशाला? साडेसातीच्या भीतीवर किती जणांची दुकाने चालतात हे वेगळे सांगायला नको. पत्ते उद्याचे काही सांगत नाहीत, सांगू शकत नाहीत. पिसण्यातून जे पान वर येते ते योगायोगाने येते. मृत्यूचे पान दाखवून घाबरलेल्या माणसाकडून शांतीसाठी पैसे उकळणाऱ्याला उघड विरोधच झाला पाहिजे. तरीही योगायोगाने समोर आलेल्या चित्राकडे पाहून आपल्या अडचणीचा नव्या बाजूने विचार करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात फसवणूक नाही. किंबहुना माझी कसोटी इथेच सर्वाधिक उपयोगी पडते. जो कॅट फक्त दचकवतो तो भीती विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. ज्याच्या मृत्यूमागे सूर्य दिसतो, ज्यात दुःखाचे पान आणि सोबतीचे पान वेगळे ओळखू येते, तो पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतो. चित्रांतला काळोख परका आहे, घरात अशुभ आहे, असेही काही जण म्हणतात. रामरायाचे शिर नगरच्याच दरबारी पोथीत चितारले गेले आणि उग्र नरसिंह कोकणातल्या खेळात होता. हा आक्षेप फार काळ टिकत नाही.

तेव्हा असा कॅट घ्यायचा असेल, तर विक्रेत्याकडे सगळ्या ७८ चित्रांची मागणी करा. सैतान आणि मृत्यू बाजूला ठेवा. पेल्यांची चौकी, नाण्यांची छक्की, तलवारींची सत्ती आधी पाहा. नाव झाकून पान ओळखू येते का, शेजारच्या पानापासून वेगळे दिसते का, मंद उजेडात आकृती उरते का, हे तपासा. चित्रकार कोण आहे ते विचारा. सगळी पाने दाखवायला किंवा नाव सांगायला विक्रेता तयार नसेल, तर कडा कितीही सोनेरी असल्या तरी तो कॅट घेऊ नका.