भाषण एआयने लिहिले, पण तपासले कोणी?



३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांत सावित्रीबाई फुले यांच्यावरच्या भाषणांची तयारी सुरू होते. पूर्वी मुले निबंधाच्या पुस्तकातून नाहीतर ताईच्या वहीतून भाषण उतरवून आणायची. आता मोबाईलवर सांगितले की अर्ध्या मिनिटात भाषण हजर! मग आपण म्हणतो, "हे मुलाने लिहिलेलंच नाही." बरोबर आहे. पण आधीचे भाषण तरी त्याने कुठे लिहिले होते?

मला वाटते, 'एआय वापरलंस का?' या प्रश्नापाशीच आपण अडकलो आहोत. त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा : 'यातलं काय काय तपासलंस?' हा प्रश्न मूल स्वतःच स्वतःला विचारू लागले, की एआय साक्षरतेचा पाया घातला गेला.

त्यासाठी हे साधन कसे चालते ते मुलांना सोप्या शब्दांत सांगू या. चॅटजीपीटी, जेमिनी अशी साधने प्रचंड मजकुरावर तयार केलेली असतात. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्यावरून ठरवत ती वाक्य जुळवत जातात. म्हणून वाक्य सफाईदार येते, पण ते खरे असेलच असे नाही. चुकीची माहितीसुद्धा ती तितक्याच ठामपणे सांगतात. त्यात इंग्रजीच्या मानाने इंटरनेटवर मराठी मजकूर कमी. त्यामुळे आपली माणसे, आपली गावे, आपली पुस्तके यांबाबत जरा जास्तच सावध राहायला हवे.

एका तासिकेचा उपक्रम

एआयने लिहिलेले असे एक भाषण गटागटांत वाटा. तपासता येईल अशा प्रत्येक गोष्टीखाली मुलांना रेघ मारू द्या. मग पाठ्यपुस्तक आणि शाळेचे ग्रंथालय उघडा.

१. जन्म कधी, कुठे? ३ जानेवारी १८३१, सातारा जिल्ह्यातील नायगाव. हे लगेच सापडते.

२. मुलींची शाळा कधी, कुठे? १८४८, पुण्यातील भिडे वाडा. हेही सापडते.

३. 'सावित्रीबाई म्हणाल्या होत्या...' हे वाक्य कुठले? खरी परीक्षा इथे आहे. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. जोतिरावांना लिहिलेली त्यांची पत्रे आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आहे. त्यात ते वाक्य शोधा. नाही सापडले, तर भाषणातून काढा.

हे काढणे मुलांना जड जाते, कारण नेमके तेच वाक्य टाळ्या घेणारे असते. पण जिने शेणगोळे झेलून मुलींना शिकवले, तिच्या तोंडी तिने न उच्चारलेले शब्द घालणे हा तिच्यावर अन्याय आहे. एवढे मुलाला कळले, तर भाषण दोन ओळींनी तोकडे झाले म्हणून काय बिघडले?

या उपक्रमाला प्रत्येकाच्या हातात मोबाईल लागत नाही. छापलेला एक कागद पुरतो.

गृहपाठही बदलू या

'सावित्रीबाईंचे कार्य लिहा' याचे उत्तर यंत्र देणारच. त्याऐवजी विचारा, 'तुमच्या घरातली शाळेत गेलेली पहिली बाई कोण? तिच्याशी किंवा तिच्याबद्दल घरच्यांशी बोलून लिहा.' हे उत्तर आजीजवळ आहे, यंत्राजवळ नाही. लेखन सुधारायला मुलाने नंतर एआयची मदत घेतली तरी हरकत नाही. घेतली हे मात्र वहीत लिहावे.

पालकांसाठी थोडेसे

वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची अट असावी, असे युनेस्कोने २०२३ मध्ये सुचवले आहे. लहान मुलांनी ती वापरायचीच असतील, तर तुम्ही शेजारी बसा. मुलाचे फोटो, पत्ता, फोन नंबर त्यात टाकू देऊ नका.

कोणी म्हणेल, यापेक्षा बंदी सोपी. शाळेत बंदी घालता येईल, पण घरी? आणि तपासण्याची सवय तरी आपल्याला कुठे आहे? व्हॉट्सॲपवर आलेला थोरामोठ्यांचा सुविचार आपण न तपासता पुढे ढकलतोच की! मुले ते पाहत असतात.

म्हणून "बाई, हे वाक्य कुठेच सापडलं नाही, म्हणून मी काढलं," असे एखादी विद्यार्थिनी म्हणाली, तर तिची पाठ थोपटा. त्या दिवशी ती खरोखर काही शिकली आहे.