घरं उभी राहिली, आता रोजगार हवा

इराकमधल्या निनवे मैदानातलं कराकोश हे ख्रिस्ती शहर ऑगस्ट २०१४मध्ये ‘इसिस’च्या हाती पडलं आणि एका रात्रीत ओस पडलं. हजारो कुटुंबं इराकी कुर्दिस्तानातल्या अर्बिल शहराकडे पळाली. कित्येकांनी चर्चच्या आवारात तंबू ठोकले. २०१६मध्ये शहर मुक्त झालं, तेव्हा असंख्य घरं जळालेली होती.

२०१७मध्ये तीन चर्चनी मिळून पुनर्बांधणी समिती नेमली. ‘एड टू द चर्च इन नीड’सारख्या संस्थांनी पैसा दिला आणि हजारो घरं राहण्याजोगी झाली. फार मोठं काम!

तरीही तरुण देश सोडतात. हाताला काम नाही, सुरक्षिततेची खात्री नाही. देणगीदारांनी आता शेती, कारखाने, शिक्षण यांत पैसा घालायला हवा, आणि इतर धर्मांच्या शेजाऱ्यांनाही त्यात सामावून घ्यायला हवं. दुरावा वाढवणारं दान अल्पसंख्याकांनाच महागात पडतं. सामावून घेण्याचं उदाहरण समोर आहेच: अर्बिलच्या कॅथॉलिक विद्यापीठात मुस्लिम आणि यझिदी विद्यार्थीही शिकतात.